मॅडमची शिफारस

सोलापूर,
शुक्रवार, १२ डिसेंबर

कु. दानेश्वरीस आशीर्वाद.

हितं सगळं ठीक आहे. थंडी पडल्यापासून कडक भाकरीला मागणी लई वाढलीय. तू रजेवर गेल्यापासून फोन दुर्गा घेते, आणि चांगली घेते. अक्कलकोटला घरी सगळे बरे असतील असं समजते. आपला टेम्पो तिकडं येतोय, त्याच्यासोबत भाकऱ्या, शेंगा चटणी आणि हे पत्र पाठवतेय. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

तुझ्या बिझनेस स्कूलच्या शिफारसपत्राचं सांगायचंय. आधी तू विचारलंस, आमदारांचं पत्र आणू का? मी म्हटलं, अगं, त्यांनी आपली चटणी खाल्ली असेल, तुला काम करताना कुटं बघितलंय? मग म्हणालीस, "मॅडम, मीच लिहून देते, तुम्ही नुसती सही करा. सगळे तसंच करतात." नुसती सही करायला मी काय तलाठी आहे? मीच बसले कॉम्प्युटरपुढं, एका बोटानं लिहीत.

कॉलेजवाल्यांनी फॉर्मात विचारलं होतं, हिचं एखादं काम सांगा. मी खवट शेंगदाण्याची गोष्ट लिहिली. गेल्या उन्हाळ्यात माल पुण्याला विरेशअण्णांच्या दुकानात पोचला होता, कुणाची तक्रारही नव्हती. हितं उरलेली चटणी तू चाखलीस आणि मला न विचारता त्यांना फोन करून सगळी पाकिटं परत मागवलीस. मी बायकांदेखत तुला बोलले, "माझं नाव घालवलीस की!" तू हळूच म्हणालीस, "पाकिटावर नाव पार्वतम्मांचं आहे, मॅडम."

स्वतःच्या आजीचं नाव तू असं परक्यासारखं घेतलंस, ते मला लागलं.

पुढं विचारलं होतं, हिला कोणती खोट दाखवलीत आणि हिनं काय केलं? लिहिलं, हिला सगळं एकटीनं करायची खोड होती. एकदाच सांगितलं, तर हिनं चौथी शिकलेल्या दुर्गाला फोन, पार्सल, उधारी सगळं शिकवलं, आणि शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही. तेवढं मला या वयात जमत नाही. लिहिताना डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

शेवटी एकच प्रश्न राहिला. ही मुलगी तुमच्या नात्यातली आहे का? नात्यातल्या माणसाचं पत्र त्यांना चालत नाही.

'नाही' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? आडनावं वेगळी. आणि तू कामाला आलीस त्या दिवशी मीच म्हटलं होतं, "तुझ्या आईचं आणि माझं बोलणं नाही. हितं मावशी म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं." अव्वाचं, आमच्या आईचं नाव मी अक्काला न विचारता पाकिटावर लावलं, त्यावरनं आम्ही बहिणी तुटलो. त्यात तुझा काय दोष होता? पण तीन वर्षं तू मला मॅडमच म्हणालीस, एकदाही चुकली नाहीस.

तोंडानं मी लई वेळा 'नाही' म्हटलंय पोरी. लिहून द्यायला मात्र हात धजला नाही. ते पत्र मी पाठवलं नाही.

लगेच रागावू नको. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. विरेशअण्णांशी मी सकाळीच बोलले. ते म्हणाले, "त्या पोरीनं माझ्या गिऱ्हाइकांपुढं माझी लाज राखली. मी आनंदानं लिहितो." त्यांचा ईमेल मागं लिहिलाय, फॉर्मची लिंक त्यांना पाठव. त्यांचं पत्र माझ्यापेक्षा वजनदार होईल. ते परके आहेत आणि तुझं काम त्यांनी स्वतः बघितलंय.

तू जाणार, तुला घेणारच ते. तू गेल्यावर मला जड जाईल, तेही आता लिहून टाकते.

नवी पाकिटं छापायला टाकायची आहेत. त्यावर अव्वाचं नाव कसं घालायचं ते अक्काला विचारल्याशिवाय छापणार नाही. तिला घेऊन ये. कारखान्यात नको, घरी या. आणि दारातनं हाक मारशील तेव्हा मॅडम म्हणू नकोस.

तुझी मावशी,
भुवनेश्वरी