नदीतल्या पोरीला कोणी विचारलं?

तीर्थरूप मामाजींस पांढुर्ण्याहून जावई वैभवचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामीजींच्या गुडघ्यांना आराम असेल, कपाशी बरी असेल. मीही मजेत आहे (असं लिहायचा रिवाज आहे). तुमचं सावरगाव काय, पूल ओलांडला की आलं. तरी पत्र धाडतो, कारण तुमचा फोन तृप्ती उचलते आणि माझा आवाज ऐकून "राँग नंबर" म्हणते. तेवढाच आवाज कानावर पडतो म्हणून मी पुन्हा लावतो.

घडलं ते पहिल्यापासून सांगतो. लग्नानंतर तिला कॉलेजात मीच घातलं (हे मी चारचौघांत फार सांगायचो). तिथे मुलींनी मंडळ काढलं. आधी मुलींच्या संडासाची किल्ली ऑफिसातून सोडवली, मग वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवायला लावलं. तोवर मी पेढे वाटत होतो. मग त्यांनी गोटमारीच्या जत्रेमागच्या गोष्टीवर नाटक बसवलं. पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावची पोरगी घेऊन नदीत अडकतो आणि दोन्ही काठांवरून दगड येतात, हे आपल्याला पाळण्यापासून ठाऊक. यांच्या नाटकात मात्र पोरगी मधेच थांबून दोन्ही काठांना म्हणते, "मले कोनी इचारलं काय, का मले कुठं जाचं हाये?" पोरगी म्हणजे आपली तृप्ती. मी समोरच बसलेलो. आणि मामाजी, रक्तच पांढुर्ण्याचं, मी खुर्चीवर चढून ओरडलो, "ओढा रे तिले इकडं!"

लोक इतके हसले की नाटक तिथंच बुडालं. ती त्याच लुगड्यात नदीपार तुमच्याकडे आली.

इथे भाकरी करपते, वरण उतू जातं, ते चालतं. पण ती ओट्याला पुस्तक टेकवून मोठ्यानं वाचायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. आता टीव्ही बंद करून बसतो. संध्याकाळी पुलावर जातो, तुमच्या गच्चीवरचा दिवा लागलेला बघून परत येतो. तिची फार आठवण येते, मामाजी. तिला समजावून पाठवा असं मात्र म्हणत नाही.

आपला,
वैभव

ता. क. : लिंबाचं लोणचं संपलं आहे, मामीजींच्या कानावर घालावं.

ता. क. २ : लोणच्याचं राहू द्या. ते नाटक पोळ्याआधी सौसरच्या कॉलेजात होणार आहे, आणि पोराचं काम करणारा माझ्या प्रतापानंतर पळाला म्हणतात. मी चालेन का, तिला विचारा. बोलणं मीच बसवलं आहे, एकच आहे: "येतं काय?" तेवढं विचारून उभा राहीन. ती बोलेपर्यंत हात पुढे करणार नाही.

ता. क. ३ : नाही म्हणायचं असेल तर तेही तिनंच फोनवर म्हणावं. फक्त "राँग नंबर" नको.