आण्याच्या पठारावरची सुट्टी

बापूजी,

तुम्ही गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याशी काही बोलावं असं मला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्ही असतानाही आपण फारसं बोललो नाही. मी दुकानात घोंगड्यांच्या घड्या घालायचो, तुम्ही गिऱ्हाईक पाहायचात, दिवस मावळायच्या आत आपण जेवून घ्यायचो आणि दुसरा दिवस तसाच उजाडायचा. आज लिहितो आहे ते धाकटीमुळे. तिला घोडेगावच्या सासरहून परत पाठवलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की ती बरी होण्यासाठी आलेली नाही. वैद्यांनी नाडी पाहिली, छाती ऐकली आणि मला ओसरीवर नेऊन क्षय म्हणून सांगितलं. मागच्या खोलीत, खिडकीशी तिची खाट टाकली. खोकल्याची उबळ ओसरली की ती छताकडे बघत पडून राहायची. एक दिवस तिनं मला हाक मारली. "दादा, लहानपणी आपण सुट्टीला गेलो होतो, ती जागा कुठं होती रे?" मी म्हटलं, कोण जाणे, मी तरी केवढा होतो. तर म्हणाली, "मला एकदा तिथं जायचंय. आईची मला तेवढीच आठवण आहे. मी तिच्या पुढ्यात बसलेय आणि ती माझे केस विंचरतेय. समोर पाणी आहे. आणि ती काहीतरी गुणगुणतेय. बाकी मला आईचं काही म्हणजे काही आठवत नाही."

त्या सुट्टीबद्दल आपल्या घरात बोलायचं नाही हे मी लहानपणीच शिकलो होतो. परत आल्यावर कधीतरी जेवताना मी आपल्या नादात म्हणालो होतो, सुट्टीत आपण मेंढीचं दूध प्यायलो होतो तसं पुन्हा मिळेल का. तुम्ही ताटावरून उठून माझ्या थोबाडीत मारलीत. आयुष्यात तेवढी एकदाच. "त्या जागेचं नाव या घरात काढायचं नाही," असं म्हणालात आणि उष्ट्या हातानं बाहेर निघून गेलात. आत्यानं मला जवळ घेतलं, पण तीही काही बोलली नाही. जागेचं नाव मला ठाऊक नव्हतंच, त्यामुळे ते काढायचा प्रश्नच नव्हता. पण त्या दिवसापासून मी ती सुट्टी मनातल्या मनातच आठवू लागलो.

मला आठवतं ते असं. श्रावण सरला होता. जुन्नरात प्लेगानं घराघरांतून उंदीर पडत होते आणि लोक गाव सोडून शेतांत झोपड्या घालत होते. एका पहाटे तुम्ही आम्हा दोघांना उठवलंत आणि म्हणालात, "चला, सुट्टी आहे." आईच्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि दाराशी आत्या उभी होती. आई कुठे आहे असं मी विचारलं, तर आत्या म्हणाली, मागून येईल. मग बैलगाडीत गोणपाटावर झोप, जाग, पुन्हा झोप, एक घाट, आणि वर सगळीकडे हिरवं, मोकळं, डोंगर पार लांब गेलेले. एक ओढा होता. ओढ्याला डोह होता, काठाला मोठा लिंब होता, आणि धनगरांची दोन-तीन खोपटं. तिथे मी तुम्हाला पहिल्यांदा स्वयंपाक करताना पाहिलं. दुसऱ्याच्या चुलीवरचं तुम्हाला चालत नव्हतं, म्हणून तीन दगड मांडून तुम्ही भाकरी थापायचात. ती एका अंगानं करपायची, दुसऱ्या अंगानं कच्ची राहायची, आणि आम्ही हसायचो. तुम्हीही हसायचात. घरी मी तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं. धाकटीला खांद्यावर घेऊन तुम्ही डोहात उतरायचात. एक दिवस तुम्ही स्वतः काही खाल्लं नाहीत. आपल्या जैनांच्या पजुसणाचे दिवस होते, मला वाटलं उपास असेल. त्याच दिवशी तुम्ही लिंबाला झोका बांधून दिलात आणि ऊन उतरेपर्यंत आम्हाला झोके देत राहिलात. मी मागे वळून पाहायला गेलो की म्हणायचात, पुढे बघ, पडशील. घरी जायची वेळ आली तेव्हा मी गाडीच्या चाकाला मिठी मारून रडलो, मला घरी जायचं नव्हतं.

घरी आलो तर प्लेगवाल्यांनी छपराची कौलं काढलेली, भिंतींना चुना, आणि आईच्या खोलीतून वर आभाळ दिसत होतं. आत्या म्हणाली, आई देवाघरी गेली. कधी ते कुणी सांगितलं नाही.

म्हणून धाकटीनं केस विंचरल्याचं सांगितलं तेव्हा मी गोंधळलो. मला आई तिथे असल्याचं आठवत नव्हतं. पण हिरव्या बांगड्यांचे हात मलाही आठवत होते. मध्ये काही दिवस तुम्ही आईला घेऊन आला होतात का? आत्या तुमच्याही आधी गेलेली. विचारायला कुणी उरलं नव्हतं. धाकटी मात्र रोज विचारायची, "गेला होतास का? सापडली का?"

घाट चढल्याचं आठवत होतं म्हणून मी आधी माळशेजच्या अंगाला गेलो. मढला एका शेतकऱ्याच्या पडवीत बसून त्याला ओढा, लिंब, मेंढरं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हयना कंचा व्हता?" मी म्हटलं, भाद्रपद. तो हसायलाच लागला. "राव, भादव्यात हितं मेंढरं? ह्या पावसात पाय सडत्याल त्यांचं. तुमी उलट्या दिशेला आलात. उगवतीला जावा, आण्याच्या पठारावं." परत येताना गाडीत मला एकच गोष्ट सुचत राहिली. आपल्या दुकानात कुठकुठल्या घोंगड्या यायच्या, पण आण्याकडचा धनगर माल घेऊन आला की तुम्ही त्याला पायरीवरूनच परत लावायचात. माल चांगला असायचा. मला ते कधी कळलं नव्हतं.

आण्याला चावडीवर विचारलं, प्लेगात जुन्नरच्या शेठची पोरं कुणाकडे राहिली होती. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकानं लांबची वस्ती दाखवली. तिथे एक म्हातारी उन्हात बसून लोकर पिंजत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"शेठचा पोरगा व्हय तू," ती म्हणाली. "आन ती धाकली? जगली का?"

"जगली. पण आता आजारी आहे. तिला ही जागा बघायची होती. आजी, आमची आई इथं आली होती का? धाकटीला आठवतं, आई तिचे केस विंचरायची."

म्हातारीचा हात आता थांबला. "तुजी आय न्हाई आली, बाबा. क्यास म्या इंचरायची तिचं. माज्या पोरीचं झालं की तिचं. दोघी एका वयाच्या. तिला वाटायचं म्याच आय. शेठनं सांगितलं व्हतं, म्हनू द्या."

मग तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. तुम्ही रोज सकाळी सरपण आणायला म्हणून जायचात, ते घाटाच्या तोंडाशी जाऊन बसायचात. जुन्नरचा गाडीवान खालीच थांबायचा, त्याला वर यायची परवानगी नव्हती. तो खालून ओरडून निरोप सांगायचा. "येक दिवस वरडला, शेठ, बाई गेली. माजा मालक व्हता संगं. शेठ तितंच खाली बसला. मग आला, वढ्यात आंघुळ केली. म्या म्हनलं, शेठ, पोरांना सांगा. तर म्हनला, घरी गेल्यावर रडायचंच हाये त्यांना. हितं खेळू द्या. आन माज्याकडं चऱ्हाट मागितलं, झोका बांधायला."

ती उठली आणि मला ओढ्याकडे घेऊन गेली. लिंब तोडलेला आहे. डोह गाळानं भरलाय, गुडघाभर पाणी होतं. काठाला दगडांची एक लहानशी रास होती. म्हातारी तिच्यापाशी उभी राहिली. "तुमी गेलात आन आमच्यातबी उंदरं पडली. माजी पोर हितं हाये."

"आमच्यामुळं?" मी विचारलं.

"कुनाला ठावं? त्या साली उंदरं कुटं पडली न्हाईत? पर गावानं आमालाच धरलं. शेठला ठेवून घेतलं म्हनून. पान्याला हिरीवं येऊ देइनात, लई दिस. मालक जुन्नरला जाऊन शेठला सांगून आला, पोर गेली म्हनून. शेठनं ऐकून घेतलं. मला वाटलं येक डाव यील. न्हाई आला." राशीवरचा एक दगड सारखा करत म्हणाली, "पैका नको व्हता आमाला. यायला पायजे व्हता."

बापूजी, घाट उतरताना मी तुम्हाला मनात खूप बोललो. तापानं फणफणलेल्या बायकोला दाराआड ठेवून तुम्ही आम्हाला घेऊन निघालात. ज्यांनी जागा दिली त्यांच्या दारात तुम्ही आजार नेलात की नाही हे आता कुणी सांगू शकत नाही, पण त्यांचं मूल गेलं हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही दुकानात बसून राहिलात. आईला अग्नी कुणी दिला हेही मला कधी सांगितलं नाहीत. हे सगळं बोलून झालं तेव्हा मात्र मला तुम्ही त्या झोक्यामागे उभे दिसलात. पुढे बघ म्हणत होतात. आज मलाही मुलं आहेत. मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. बहुधा हेच केलं असतं, आणि एवढ्या चांगल्या रीतीनं मला जमलं नसतं.

घरी आलो तेव्हा धाकटी उठून बसली होती. तिला बसता येत नव्हतं, उशीला टेकून बसवलं होतं. "सापडली?" म्हणाली. मी हो म्हटलं. ओढ्याचं सांगितलं, डोहाचं सांगितलं, लिंब तसाच आहे म्हणून सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आई होती ना रे तिथं?"

मी म्हटलं, "होती. तिथल्या म्हातारीला चांगली आठवते. म्हणाली, तुमची आई रोज या दगडावर बसून लेकीचे केस विंचरायची."

"मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणून ती माझ्याकडे बघून हसली. मग तिनं माझ्या बायकोला हाक मारली आणि केस विंचरून घेतले. फार थोडे उरले होते.

ती होळीच्या आधी गेली. जायच्या दोन दिवस आधीपर्यंत तिला तिथे जायचं होतं, थंडी कमी झाली की जाऊ असं मी म्हणत राहिलो. या कागदाचं काय करायचं ते मला माहीत नाही. घरात वाचणारी मुलं आहेत, तेव्हा चुलीतच जाईल.

एक सांगायचं राहिलं. निघताना त्या म्हातारीनं माझा हात धरला होता आणि म्हणाली होती, "पोरीला आन येकदा, मला बगू दे." मी आणतो म्हणून सांगून आलो. आता निदान तिची खबर तरी द्यायला जायला हवं. जाणं कठीण नाही, दोन दिवसांचं काम आहे. पण मी अजून गेलेलो नाही, आणि पेठेत आण्याकडची गाडी दिसली की मी उठून दुकानात आत जाऊन बसतो.