युकोकाकूंच्या गावचं देऊळ

९ ऑक्टो. २००५, सनीव्हेल
उद्या टोकियो. मॅन्युअलचं शेवटचं प्रकरण विमानात तपासायचं. संध्याकाळी शेजारच्या जपानी युकोकाकू आल्या. ईशा झाली तेव्हा मी डेडलाइनमध्ये अडकलेलो. माधवीला हॉस्पिटलला यांनीच नेलं. आजवर काही मागितलं नाही. आज मागितलं. "माझ्या गावच्या देवळात माझ्यासाठी हात जोडून ये. भाऊ तिथंच असतो, त्याला कळू देऊ नकोस." अमेरिकन माणसाशी लग्न केलं म्हणून भावानं बोलणं टाकलं, त्याला शेहेचाळीस वर्षं झाली. शब्द दिला.

१५ ऑक्टो., शनि.
आमच्या टोकियो ऑफिसातला केंजी सुटी घालवून दुभाष्या म्हणून आला. एवढं कोण करतं. एका डब्याची गाडी, मग बस, मग पायऱ्या. जुनं शिंतो देऊळ, मूर्ती नाही, दारावर गवताचा जाड दोर. केंजीनं शिकवलेलं: दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग मनात मागायचं. टाळ्यांपर्यंत बरोबर. पुढं आपली सवय, संकल्प तोंडानं. युको, माहेरचं आडनाव मोरिता, मुक्काम सनीव्हेल, हिला सुखी ठेव. चांगला खणखणीत.
मागं झाडूचा आवाज थांबला. म्हातारा. केंजीला एकच विचारलं.
"ती अजून आहे का, म्हणतायत."
आहे, म्हटलं. खोटं सुचलंच नाही.
त्यांनी चहा दिला, पर्सिमनचं फळ कापून दिलं. निघताना कागदावर फोन नंबर. "करायचा की नाही, तिनं ठरवावं."

१७ ऑक्टो.
घरी. माधवी: "एक काम सांगितलं, तेही लाउडस्पीकर लावून केलंस."

१८ ऑक्टो.
काकूंना सगळं सांगितलं. त्या कप पुसत राहिल्या.
"गप्प राहायचं होतंस तू."
"हो काकू. चुकलंच."
कप जागेवर ठेवून, "कसा दिसतो?"
"पाठीत वाकलेत."
"दात आहेत?"
"हसले नाहीत, त्यामुळे दिसले नाहीत."
"मग तोच," म्हणाल्या. कागद टेबलावर ठेवून आलो. हात लावला नाही त्यांनी.

२० ऑक्टो.
काकूंच्या खिडकीचा पडदा दोन दिवस बंद. ईशा रोज विचारते, "इज शी मॅड ॲट अस?" रागावल्यात का, माहीत नाही. पण त्या म्हाताऱ्याला 'नाही' म्हणून परतलो असतो तर? ते जमलं नसतं.

२३ ऑक्टो., रवि.
चार वाजता काकू दारात. हातात कागद.
"तिकडे आता किती वाजले असतील?"
"सोमवार, सकाळचे आठ."
"फार लवकर होईल." आत आल्या, फोनजवळच्या खुर्चीत बसल्या. "नऊला बघू."
माधवीनं चहा टाकला.