मेलूर क्रेनवरून पडली

अहो,

पेनांगहून आल्यावर आतल्या खोलीत जायच्या आधी हे वाचा.

काल तळ रंगवायला आपली मेलूर बोट पाण्याबाहेर काढताना क्रेनचा मागचा पट्टा घसरला आणि ती सिमेंटवर आदळली. सुकाणू वाकलंय, तळाला हातभर चीर गेलीय. माणसांना काही लागलं नाही. तुमचे डोळे तपासायचे होते, म्हणून फोनवर बोलले नाही.

क्रेन रिझुआन चालवत होता. हो, आपला जावईच. गोदीचा मॅनेजर सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "लाकूड आधीच कुजलेलं होतं, होय ना रे?" तो म्हणाला, "नाही साहेब. बोट ठणठणीत होती. पट्टा मीच चुकीच्या जागी लावला." त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

आज विम्याचा माणूस बघायला येतोय. तोवर कुणी चीर बुजवून टाकू नये म्हणून मी बोटीपाशी जाऊन बसतेय. डोळ्यांत औषध घातलेलं असेल, तेव्हा तुम्ही उन्हातून इकडे धावत येऊ नका.

रिझुआन आत झोपलाय. नोकरी गेली हे आपल्या सुरैयाला कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून इथे आला. लग्न झाल्यापासून तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत. आजही बोलायचं नसेल तर राहू द्या. पण कालपासून त्याच्या पोटात काही नाही. भात आणि बांगड्याचं कालवण झाकून ठेवलंय. त्याला उठवा आणि दोघं जेवून घ्या. हाक जरा जोरात मारा, त्याची झोप गाढ आहे.

रोहाना