पहिलं नाही

अमरावती,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय जमुनाताई,
जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. स्वप्निल तुला वाचून दाखवेल. स्वप्निल बाळा, तुझ्या आईचा स्वभाव तुला माहीत आहे, एकही ओळ गाळू नकोस.

इकडे सगळे मजेत. आमच्या संघपालचं, तुझ्या भाच्याचं, साक्षगंध झकास झालं, तू पाहिलंसच. चारशे माणूस जेवलं. ऑफिसातले लोक अजून वांग्याच्या भाजीचं नाव काढतात. मी कामाला हात घातला की ते तडीला जातंच.

आता लग्न अठरा दिवसांवर आलंय आणि तुझा निरोप येतो, "माहे गुडघे दुखून राह्यले, मी काई येत नाई." अगं, त्याच गुडघ्यांनी परवा परतवाड्याचा बाजार करून आलीस ना?

स्वप्निलनं मला खरं सांगितलं. साक्षगंधाहून घरी गेल्यावर तू भाकर अन् मिरची खाल्लीस.

मी तुला म्हटलं होतं, "ताई, जेवून घे." तू म्हणालीस, "मले भूक नाई वं, घरून जेवून आली." मी "बरं" म्हटलं आणि वळले. आपल्यात पहिलं "नाही" हे खरं "नाही" नसतं, हे मला कळत नाही का? दुसऱ्यांदा म्हणायचं, तिसऱ्यांदा हात धरून बसवायचं. आई गेल्यावर तूच शिकवलंस हे. त्या दिवशी ऑफिसातल्या साहेबांना मी चारदा आग्रह केला.

घाई होती, असं मी आधी स्वतःलाच पटवत होते. घाई कसली! विहीणबाई शेजारीच ताट घेऊन उभ्या होत्या. त्या प्राध्यापक. आणि तू जेवायला बसलीस की बोलतेस, बोलायला लागलीस की दुसऱ्यांच्या वावरात निंदण-सोंगणी करून मला, तुझ्या धाकट्या बहिणीला, कसं शिकवलंस, तेच सांगतेस. ते त्यांच्या कानावर जायला नको होतं मला. तू नाही म्हटलंस तेव्हा मला बरं वाटलं, ताई. मला तुझी लाज वाटली. तेव्हापासून मला माझीच वाटते आहे, आणि घास गोड लागत नाही.

काल मी विहीणबाईंच्या घरी गेले आणि तुझं सगळं सांगितलं, निंदणापासून माझ्या कॉलेजच्या फीपर्यंत. शेवटी एवढंच विचारलं त्यांनी, "त्या दिवशी त्या जेवल्या होत्या ना?"

मला खोटं बोलता आलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं चांदूर बाजारला येते तुला न्यायला. शिव्या दे, दोन धपाटेही घाल, पण पिशवी भरून ठेव. लग्नात पहिलं ताट तुझं, मी स्वतः वाढणार, आणि शेजारी विहीणबाई बसणार. त्यांनीच तसं मागून घेतलंय. तू पहिला घास घेतल्याशिवाय मांडवात कुणाच्याही ताटात भात पडणार नाही, मग चारशे माणसं ताटकळली तरी बेहत्तर. आणि सोंगणीच्या गोष्टी जरा मोठ्यानं सांग.

तुझ्या कष्टाचं खाऊन मोठी झालेली
आणि तुलाच उपाशी परत पाठवणारी,
नीलम