पिलांवरची मरळ

बाबा, तुमची वेळूची काठी मी मागच्या आठवड्यात माळ्यावरून खाली काढली. आईनं खाटेवरूनच विचारलं, "कायले काढून राहिली वं ते?" मी म्हटलं, धूळ झटकते. तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडेच असते, आणि मी खोटं बोलले की अजून तिला लगेच कळतं. कारण तर घरात सगळ्यांनाच माहीत होतं. तुमची नात, माझी लेक, पहिल्या बाळंतपणाला आली आहे. बाळ चांगलं आहे, रडतं, पितं, मुठी आवळून झोपतं. नात मात्र बरी नाही. ताप नाही, टाके भरले, पण ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. ताट पुढे आलं की दोन घास चिवडते आणि सरकवून देते. बाळाला जवळ दिलं तर घेते, नाही दिलं तर मागत नाही. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, गोळ्या सुरू केल्या, म्हणाल्या की अशानं घाबरायचं नाही, वेळ लागेल, पण तिच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. जे आवडेल ते द्या. मी विचारून विचारून थकले. शेवटी एका दुपारी भिंतीकडेच पाहत ती म्हणाली, "आबाजी आणायचे तशी मरळ."

आता माझी पंचाईत पाहा. मी सरकारी दवाखान्यात नर्स. बाळंतिणींच्या सासवांना मी आयुष्यभर सांगत आले की मरळीचा रस्सा पाजला नाही म्हणून कोणाचं अडत नाही, डाळ द्या, अंडी द्या, भाजी द्या. सासवा मान डोलावतात आणि घरी जाऊन मरळ शोधतात. मी त्यांना हसत होते. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, तशी माझी गत झाली. नागपूरहून टाकीत वाढवलेली मरळ मागवली, जिवंत, गुबगुबीत. आईनं नेहमीसारखा रस्सा केला. पोरीनं एक घास तोंडात धरला, गिळला आणि म्हणाली, "हे ते नाही." पुन्हा भिंत. मला रडू आलं, आणि रागही आला. राग कोणाचा आला ते मला सांगता येत नाही. बहुतेक तुमचाच. तुम्ही तिला त्या चवीची सवय लावून निघून गेलात.

जावई पुण्याला नोकरीला आहे, पण मूळचा पांढुर्ण्याचा. आपल्याला काहीच करता येत नाही म्हणून तो तिकडे बेचैन. मी फोनवर मरळीचं बोलले तर म्हणाला, "मम्मी, टेन्शन नका घेऊ, मी सामान पाठवून राहिलो." दोन दिवसांत ही मोठी पेटी दारात. तिच्यात दोन तुकड्यांत जोडायचा काळा रॉड, रीळ, सुतासारखी विणलेली हिरवी दोरी, पोलादी तारांचे तुकडे, लांब चोचीची पकड, रबरी बेडूक, आणि पोटाखाली तीन तोंडांचे गळ लटकवलेले प्लॅस्टिकचे मासे, एकेक वितीएवढा. डब्यांवर एका लांबोळक्या, दातेरी माशाचं चित्र. खाली लिहिलेलं पाईक आणि मस्की. बाबा, हे तिकडचे थंड पाण्यातले मासे आहेत. मी मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ पाहिले. जाड कोट घातलेली माणसं दिवसभर फेकत राहतात. रॉड जाड हवा, दोरी ताणणारी नको, दातांसाठी पुढे तार हवीच, पकड हाताशी हवी, जाळं मोठं हवं, हे सगळं ती इतक्या गंभीरपणे समजावतात की मीसुद्धा मान डोलवायला लागले. मग एकदाचा तो कंबरेएवढा मासा लागतो. ते त्याला कुशीत घेऊन फोटो काढतात आणि पाण्यात सोडून देतात. मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला, मला वाटलं हातातून निसटला असेल. नाही, सोडलाच. आईला दाखवला. ती म्हणाली, "मंग आनला कायले घरून एवढा डबोला?"

तुमचं सामान जुन्या पिशवीत मावायचं. तंगुसाची जाड दोरी, एक मोठा गळ, रबरी चपलेचा कापलेला तुकडा तरंगायला, आणि सायकलच्या ब्रेकच्या तारेतून सोडवलेले दोन बारीक पदर. त्या तारेला तुम्ही खोबरेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवायचात. खांबावर चढून लोकांच्या घरी लाईट आणणारा माणूस, सुटीच्या दिवशी मोहगावच्या रस्त्यावरच्या तलावावर काठी घेऊन बसलेला. सकाळी विहारात पंचशील म्हणून आलेला असायचा आणि आई पाठीमागून टोमणा मारायची, "हत्या नाही करीन म्हनते अन् गळ घेऊन चालला." तुम्ही नुसते हसायचात. मी सोबत यायचे. तुम्ही शिकवायचात की मरळ भुकेली असली तर गळाला लावलेला बेडूक अर्धा तोंडात धरून खाली नेते, तेव्हा ओढायचं नाही, गिळू द्यायचं, दोरी चालायला लागली की मग उचलायचं. आणि पावसाळ्यात एक गोष्ट दाखवायचात. कमळाच्या पानांमधल्या मोकळ्या पाण्यात लाल पिलांचा एक गोळा, भात उकळताना वर येतो तसा वरखाली होत असतो. खाली त्यांची माय असते, बापही असतो. त्या गोळ्यात कोणी काही टाकलं की मोठी मरळ धावून येते. "तिथं टाकाचं नाई, बाई," तुम्ही म्हणायचात. "ते भुकेनं नाई येत, रागानं येते. गिळत नाई, नुसती मारते, तिले तवाच्या तवा उचला लागते. अन् तशी धरली तर मागं पिलं काय कराची?" हा एकच नियम होता तुमचा, बाकी सगळं चालायचं. दुसऱ्या कोणी पिलांवर गळ टाकला तर तुम्ही सामान गुंडाळून घरी यायचात आणि दिवसभर कोणाशी बोलायचा नाहीत.

मग माझ्या बाळंतपणातली मरळ कुठून आली, बाबा? पावसाचेच दिवस. मी तुमच्या घरी, मागच्या खोलीत. मीही तेव्हा अशीच पडून असायचे, हे मला पोरीकडे पाहूनच आठवलं. त्या काळी कोणी गोळ्या दिल्या नाहीत, कोणी काही नाव घेतलं नाही, आई म्हणायची उतरेल. तुम्ही दारातून डोकावता, आत येत नाही, बापाला बाळंतिणीच्या खोलीत काय काम. आणि एका सकाळी तुम्ही चिंब होऊन येता, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाचा, पिशवीत हातभर मरळ, अजून शेपटी आपटणारी. तुमच्या अंगठ्याला कापलेलं आहे. आई रस्सा करते. मी दोन वाट्या पिते आणि रडते, खूप रडते, आणि त्यानंतर उठून बसते. ती कोणत्या पाण्यातली, कशी धरली, मी कधी विचारलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नाही. आता आलं, आणि ज्यांना विचारायचं ते नाहीत.

मी आईला विचारलं. आई तांदूळ निवडत होती. "त्यायनं आनली, म्या कापली, रांधली. कुठून आनली मले काय मालूम?" मी म्हटलं, आठव ना, पोटात गाभोळी होती का? आईचा हात थांबला. "नव्हती," ती म्हणाली. पावसाळ्यात गाभोळी नाही म्हणजे अंडी घालून झालेली. म्हणजे पिलांवरची. तेवढ्यात आईच म्हणाली, "पन नर असला तर कुठून राह्यची गाभोळी?" आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "तू कायले इचारून राहिली? पोरगी उपाशी हाय, ते पाह्य."

काठी वाकवून पाहिली तर पेरात तडकली. आत भुंग्यानं पोखरलेली. मग जावयाचा रॉड जोडला. अंगणात फेकायचा सराव केला. रबरी बेडूक आधी कपड्यांच्या दोरीला, मग शेजारच्या संत्र्याच्या झाडात, मग आईच्या खाटेच्या सुताला. "माह्यावरच बसवते आता," आई म्हणाली. पेटीतली पोलादी तार त्या परदेशी माशांच्या हिशोबाची, जड. ती लावली की आपला बेडूक नाक खाली घालून बुडायचा. तुमच्या फडक्यातली ब्रेकची तार काढून लावली, तो सरळ तरंगला. प्लॅस्टिकचे मासे पेटीतच राहू दिले, तीन तोंडांचे गळ कमळाच्या देठांत अडकून बसले असते. बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले, म्हणून तो पानांवरून घसरत येतो. हिरवी दोरी मात्र पेटीतलीच ठेवली. इतकी निवड करताना मला वाटत होतं की मी फार विचारानं वागते आहे. कोणावर टाकायचं हा प्रश्न मी बाजूला ठेवून दिला होता, हे आता लक्षात येतं.

पावसाळ्यात नदीत मासे धरायला बंदी असते, तलावात नाही, आणि राखणदार ओळखीचा. पहाटे पाऊस थांबल्यावर मी गेले. पानांच्या कडेनं फेकत राहिले, बांधाजवळ, बाभळीखाली, जिथं तुम्ही बसायचात तिथं. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही. घरी आले तर पोरीचं ताट तसंच झाकून ठेवलेलं, आणि आई दारातच माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहत उभी. तिसऱ्या सकाळी तो लाल गोळा दिसला. काठापासून जवळ, काठीनंही गळ पोचला असता. पिलं वर येत होती, श्वास घेत होती, खाली जात होती. बाजूला पाणी एकदाच जाडसर हललं. मी किती वेळ उभी होते माहीत नाही. मी तुमच्याशी भांडत होते. मी म्हणत होते, तुमचा नियम तुम्ही पाळला असेल तर मला सांगा, मोडला असेल तरी सांगा, पण एक काहीतरी सांगा. घरी एक पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि इथं दुसरी माय पाण्याखाली राखण करत होती, आणि दोघींच्या मध्ये मी, हातात पुण्याहून आलेला रॉड घेऊन. मी गळ टाकला.

पाणी फुटलं. आणि माझा हात वर गेला, बाबा, तवाच्या तवा. मी थांबले नाही, गिळायची वाट पाहिली नाही. ती लागली. देठांतून तिला ओढताना रॉड वाकला, दोरी सळसळली, पण तुटलं काही नाही. ती चिखलात आली, काळी, जाड, तोंड उघडून, आणि तारेवर तिचे दात घासल्याचा आवाज आला. तेव्हा मला कळलं की माझ्या हाताला हे तुम्ही शिकवलं होतं. रागानं येणारी मरळ गिळत नाही, ती लगेच उचलावी लागते. पिलांवर कधी गळ टाकलाच नाही, तर हे तुम्हाला कसं माहीत होतं? मी तशीच चिखलात बसले. एखाद्या म्हाताऱ्यानं सांगितलं असेल. तरुणपणी तुम्हीच केलं असेल, आणि मागं पिलांचं काय होतं ते पाहून नियम धरला असेल. किंवा नियम आधीचा आणि मोडणं माझ्यासाठीचं. पण तुम्ही मला हे लहानपणी शिकवलंत, म्हणजे माहिती माझ्या बाळंतपणाच्या आधीची. मी उलटसुलट लावून पाहते आणि कुठूनही नीट लागत नाही.

आईनं कापली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "नाई," म्हणजे गाभोळी नाही. रस्सा केला, लसूण ठेचून, तेल वर आलेला. पोरीनं भाकर कुस्करली, खाल्ली, वाटी तोंडाला लावली. आम्ही दोघी चोरून पाहत होतो. वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "आजी, मीठ कमी आहे." आईला असा राग आला, "एवढ्या वर्साची मी, मले मीठ समजत नाई?" आणि पोरगी हसली. थोडंसंच. मग बाळ रडलं तर तिनं हात पुढे केला. बरी झाली असं मी म्हणणार नाही, गोळ्या चालू आहेत, काल पुन्हा दुपारभर गप्प होती. पण जेवते आहे. हे मरळीनं झालं, गोळ्यांनी झालं की आईच्या मिठानं, मला माहीत नाही. दवाखान्यात कोणी विचारलं तर मी अजून डाळ आणि अंडीच सांगणार आहे.

हे सगळं लिहिलं खरं, पण आईला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही आणि तुमच्याकडे पोचायची सोय नाही, तेव्हा घडी घालून ठेवीन, नाहीतर चुलीत टाकीन. एक तेवढं राहिलं. पिशवीत मरळ घातल्यावर थोडा वेळ थांबायला हवं होतं. जोडीतली दुसरी वर येते का, पिलांचा गोळा कोणाजवळ सरकतो का, पाहायला हवं होतं. मी पाण्याकडे पाठ केली आणि भराभर बांधावर चढले. घाई होती असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे दुसरी आली नसती, तरी हातातली मी सोडली नसती, बाबा.