ठेका आणि घाट

११ फेब्रुवारी १९७४
सांगलीला जाऊन आलो. हिला सांगितलं, गाडीचे पार्ट आणायचेत. डॉक्टरांनी भिंतीपर्यंत चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली, सही घेतली. सही मुंगीएवढी आली. म्हणाले, पार्किन्सन, आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. बरा होत नाही, सावकाश वाढतो. चिठ्ठीवर आजाराचं नाव आणि गोळ्या लिहून दिल्या. निघताना म्हणाले, एखादं वाद्य शिका, तालाने हातपाय सुटतात. विचारलं, टॅक्सी चालवू? "घाटात तर अजिबात नाही." मान डोलावली. येताना पसरणीचा घाट मीच चढवला आणि महाबळेश्वरला गाडी दारात लावली.

१८ फेब्रु.
साताऱ्यात बाबूभाई तबले मढवतो आणि शिकवतोही. त्याचा भाऊ मिलिटरीत माझ्याबरोबर ट्रकवर होता. दुकानभर कातड्याचा वास. "बोटं लाकडाची झाल्यात, हवालदार." त्याला खरं सांगून टाकलं. बाकी कोणाला कळता कामा नये, असं कबूल करून घेतलं. हिला सांगितलं, शौक. हसली. "आवं, या वयात तमाशाच्या फडात जाताय व्हय?"

६ मार्च
केरवा ताल चालू. धागे नाती नक धीन. डावा हात डग्ग्यावर नुसता थडथडतो, उजवा बरा. पण ठेका बसला की थडथड जाते. खरंच जाते. रडू आलं, बाबूभाईसमोरच. त्याने चहा मागवला.

२२ मार्च
दुकानातून निघताना उंबऱ्यापाशी उजवा पाय चिकटला. उचलेचना. हे नवीन. बाबूभाईने आतून केरवा धरला आणि पाय सुटला, गडी चालायला लागला! दोघेही हसलो. मग त्याने मुद्दाम मध्येच हात उचलला. मी रस्त्यात तिथल्या तिथे उभा. मागून टांगेवाला शिव्या देतोय. बाबूभाई हसायचा थांबला.
"दुसऱ्याच्या ठेक्यावर चालताय. त्यो थांबला की तुमी थांबताय. गाडीची किल्ली ठिवा माझ्यापाशी."
म्हणालो, सीझन होऊ दे.

१९ एप्रिल
पेट्रोल महागल्यापासून सगळेच ड्रायव्हर घाटात इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मीही. आज मागे पुण्याचं नवं जोडपं. तिसऱ्या वळणावर पाय ब्रेककडे जाईना. गाडी सुटली. मोठ्याने धागे नाती म्हणालो, तेव्हा गेला. मडगार्ड कठड्याला घासलं. बाई नवऱ्याला म्हणाल्या, ड्रायव्हर किती मजेत आहे बघ.
घरी सांगितलं, बैलगाडी आडवी आली. न्यूट्रल आजपासून बंद.

१२ मे
कुंडलहून जावई आले. लेकीला, मंगलला, सातवा महिना. म्हणाले, "आवं मामा, पावसात इकडं वर कशाला? आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पलूसला डॉक्टर हाय, सांगली जवळ हाय."
तोंड उघडायची हीच वेळ होती. डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचं, एवढंच काम होतं. म्हणालो काय तर, "पहिलं बाळंतपण माहेरीच. गाडी दारात, बाप ड्रायव्हर, काळजी कसली?" जावयांनी मान्य केलं. ही माझ्याकडे बघत होती. जेवताना भाकरी मोडेना. हिने कुस्करून दिली.

३ जून
मंगल आली. बाबूभाई संतापला. "हवालदार, लेक हाय तुमची! निदान वाईत खोली घिऊन ठिवा तिला." सांगावं तर का, कशासाठी, सगळंच सांगावं लागेल. स्टँडवर दुसऱ्या दिवशी बातमी. मग मला गाडीवर कोण बसू देणार? लढाईत ट्रक चालवला तेव्हा एवढा भ्यालो नव्हतो.

२८ जून
पावसाच्या झडीसाठी घराला गवताचे झाप बांधून घेतले. पाहुणे गेले, स्टँड रिकामा. टॅक्सीवाला सखाराम शेवटचा घाट उतरला. "तू का येत न्हाईस रं? वर कुत्रंबी ऱ्हात न्हाई आता." म्हणालो, लेकीचे दिवस भरत आलेत, गाडी वर लागेल. म'श्वरात आता माझी एकट्याचीच टॅक्सी.
संध्याकाळी तबला. मंगल पोटावर हात ठेवून म्हणते, "आप्पा, ठेका धरला की ह्यो नाचतोय." ही चुलीपाशी बसून ऐकते. परातीवर बोटं वाजवत असते.

१४ जुलै
सहा दिवस उघडीप नाही. साताऱ्याला जाणं बंद. गोळीचा असर दुपारपर्यंतच टिकतो. काल न्हाणीच्या दारात पाय चिकटला, तोंडाने बोल म्हणूनही सुटला नाही. आपलाच आवाज आपल्याला पुरेनासा झालाय. हिने आतून भांडं आपटलं, मग सुटला. योगायोग असेल.
गाडी रोज चालू करून बंद करतो. धुक्यात बॉनेट दिसत नाही.

२१ जुलै, सकाळ
पहाटेपासून मंगलच्या कळा. नर्सबाई आल्या. मूल आडवं आहे, इथे होणार नाही, ताबडतोब साताऱ्याला न्या म्हणतात. फोन बंद. एस.टी. परवापासून वर आलेली नाही.
हिला पडवीत घेऊन गेलो. म्हणालो, मला घाट उतरवणार नाही.
"ठाव हाय मला," ही म्हणाली. "सांगलीची चिठ्ठी कोटात गावली तवाच शाळंच्या मास्तरांकडनं वाचून घेतली. तुमी सांगाल म्हणून थांबले."
पाच महिने! आणि मंगलला इथे आणताना? विचारलं. म्हणाली, "जावयासमोर तुमचं त्वांड कसं पाडायचं?"
दोघांनी मिळून पोरीला इथवर आणलं.
गाडी चालू करून ठेवलीय. नर्सबाई मंगलला घोंगडीत गुंडाळतायत, त्याही येणार. ही डग्गा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. "मी वाजवते, तुमी निस्तं चालवा." दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असा केरवा धरलाय. कधी शिकली कोण जाणे. हात माझ्यापेक्षा चांगला आहे.
गिअर दुसरा. न्यूट्रल नाही. वळणं मोजलेली आहेत.
बाबूभाईने मध्येच हात उचलला होता, ते हिला माहीत नाही. मागे पोर ओरडेल आणि ही मागे वळून बघेल, हात थांबेल. आईच ती. थांबू नकोस म्हणून सांगितलं तर भीतीने तिचाच हात कापायला लागेल. न सांगावं तर
बोलावतायत.